थेट प्रक्षेपणात ‘देईल त्यालाच मिळेल’ हा नियम का लावू नये

प्रश्न मालवण तालुक्यातल्या एका गावातून आला आहे. जत्रेतला दशावतार ते चाकरमान्यांसाठी थेट दाखवतात. खेळ कुठल्याही संकेतस्थळावर साठून राहता कामा नये अशी नाट्यमंडळाची अट, म्हणून मोठ्या व्हिडिओ कंपन्यांकडे न जाता त्यांनी देवळाच्या खोलीतल्या संगणकावर पीअरट्यूब बसवलं. यात बघणाऱ्यांचे संगणक चित्राचे तुकडे एकमेकांनाही देतात, यालाच पीअर-टू-पीअर म्हणतात. लाइन ५० एमबीपीएसची, प्रेक्षक सुमारे ३००, चित्र २ एमबीपीएसचं. पहिल्याच वर्षी दोन तक्रारी आल्या. फायबर असलेल्या एका गुरुजींच्या घरून एका रात्रीत ३१ जीबी बाहेर गेले आणि त्यांच्या शेजाऱ्याकडून जेमतेम २. उलट मोबाईलवर बघणाऱ्यांचं चित्र दर दोन मिनिटांनी अडकत होतं. आता कमिटीचं म्हणणं असं की टॉरेंटसारखा (लोक आपसात फायली वाटतात ती पद्धत) नियम करावा, जो देईल त्यालाच मिळेल. हे कसं बसवायचं, असा प्रश्न आहे.

बसवू नका. का, ते सांगतो. मी कुडाळात बसून गेली वीसेक वर्षं केबल-इंटरनेटवाल्यांची जाळी बांधून देतोय, आणि शिमग्यातल्या पालख्यांची, नमनांची असली प्रक्षेपणं बरीच उभी केली आहेत. कमिटीला सुचलेला उपाय मलाही पहिल्या वर्षी सुचला होता.

टॉरेंटचा नियम २००१ साली ब्रॅम कोहेनने बसवला. तुमचा संगणक दर १० सेकंदांनी पाहतो की आपल्याला सगळ्यात जास्त कोण देतंय, आणि अशा मोजक्या, साधारण चार जणांसाठी स्वतःचं दार उघडं ठेवतो. दर ३० सेकंदांनी एखाद्या अनोळखी माणसाला नशीब आजमावायला आत घेतो. फायलीसाठी हे झकास चालतं, कारण फायलीचे हजारो तुकडे असतात, प्रत्येकाकडे वेगळे असतात आणि कुणालाच घाई नसते. माझ्याकडे ४०० वा आहे, तुझ्याकडे ९१२ वा, चल अदलाबदल करू.

आता तुमच्या जत्रेतला एकच तुकडा बघू. चित्राचे ४ सेकंदांचे तुकडे पडतात असं धरा. २ एमबीपीएसने असा तुकडा १ एमबीचा होतो. देवळाच्या लाइनवर खरा भरवशाचा अपलोड ४० एमबीपीएस धरला, तर पुढचा तुकडा तयार होईपर्यंतच्या ४ सेकंदांत या तुकड्याच्या २० प्रती निघतात, एकविसावी नाही. संकासुर रंगमंचावर आला, तो तुकडा पहिल्या २० घरांत गेला. गुरुजींचं घर त्यात आहे, कारण त्यांची लाइन लगेच उत्तर देते. त्यांच्याकडून तो डोंबिवलीच्या एका घरात गेला. तिथे पोचेपर्यंत गुरुजींकडे पुढचा तुकडा आलेला असतो. आता सांगा, डोंबिवलीवाला गुरुजींना परत काय देणार? त्याच्याकडे जे आहे ते गुरुजींनी आधीच पाहिलंय. त्याची लाइन १०० एमबीपीएसची असली तरी गुरुजींच्या हिशोबात तो फुकट्याच. तुमचा नियम त्याचं दार बंद करेल, मग त्याच्याकडून घेणारे नालासोपाऱ्याचे चौघे उपाशी राहतील.

थेट प्रक्षेपणात सगळ्यांना एकाच वेळी एकच तुकडा हवा असतो आणि देवाणघेवाणीला जेमतेम १५-२० सेकंदांची खिडकी मिळते. माल पुढून मागे वाहतो, उलटा नाही. म्हणून दोघांमधल्या समान अदलाबदलीवर न्याय मोजला की मागे बसलेला कायम चोर ठरतो. २०१० साली संशोधक मायकेल पियाटेक आणि सहकाऱ्यांनी हीच अडचण मांडली होती, आणि त्यांचा तोडगा असा की दोघांचा आपसातला हिशोब सोडा, माणसाने एकूण सगळ्यांना मिळून किती दिलं ते बघा, आणि जास्त देणाऱ्याला उगमाच्या जवळ बसवा. प्रत्येक तुकडा वेगवेगळ्या २० घरांत सोडला तर अदलाबदलीला थोडी जागा होते, मान्य. पण तेवढा उशीर वाढतो, आणि गाभ्यातली अडचण तशीच राहते.

आपल्याकडे रापणीचे वाटे कसे पडतात ते आठवा. जाळ्याचा वाटा वेगळा, होडीचा वेगळा, माणसाचा वेगळा. ज्याचं जाळं त्याला जास्त, याबद्दल कुणाची कुरकुर नसते. पण वाटेने जाणाऱ्या म्हातारीने दोराला हात लावला तरी तिच्या टोपलीत मूठभर पेडवे पडतात. तिने किती किलो ओढलं हे कुणी विचारत नाही. तुमच्या प्रक्षेपणाला हाच हिशोब लागू होतो. दिसेल एवढं चित्र आणि न तुटणारा आवाज सगळ्यांना, आणि त्यावरची मलई देणाऱ्याला.

अर्थात वाटे पडायला आधी मासळी पुरेशी हवी. तुमच्या पहिल्या वर्षीचं खरं दुखणं वाटपाचं नव्हतंच, बेरजेचं होतं. ३०० प्रेक्षक गुणिले २ एमबीपीएस म्हणजे ६०० एमबीपीएस मागणी. देवळातून ४०. उरलेले ५६० प्रेक्षकांनी एकमेकांना द्यायचे. तुम्ही लिहिलंय की फायबरवाले सुमारे ७० आहेत, बाकी २३० मोबाईल डेटावर. मोबाईलकडून काही मिळेल ही आशा सोडा. एक तर डेटाचे पैसे त्यांच्या खिशातले. दुसरं म्हणजे मोबाईल कंपन्या अनेक ग्राहकांना एकाच सार्वजनिक पत्त्यामागे बसवतात, त्यामुळे दोन फोनची थेट गाठ पडणंच मुश्कील. मध्ये टर्न सर्व्हर ठेवून ती गाठ घालून देता येते, पण मग सगळा माल त्या सर्व्हरमधूनच जातो, म्हणजे शेजाऱ्याकडून घेतल्याचं सोंग करून पुन्हा आपल्याच विहिरीतून पाणी काढायचं.

तर ५६० भागिले ७०, म्हणजे प्रत्येक फायबर घराने ८ एमबीपीएस सतत, सहा तास. एका घरामागे साधारण साडेएकवीस जीबी झाले. आणि ही सरासरी. गुरुजींचे ३१ झाले कारण शेजाऱ्याचे २ च झाले. कुठलाही न्यायाचा नियम लावा, ही बेरीज बदलत नाही. प्रेक्षकांची लाइन चांगली असेल तेव्हाच पीअर-टू-पीअरने जादू होते. निम्म्याहून जास्त लोक फोनवर असतील तर मागणी कमी केल्याशिवाय गत्यंतर नाही.

मागणी कमी करायची म्हणजे फोनवाल्यांना हलकं चित्र द्यायचं. हा त्यांच्यावर अन्याय वाटेल, पण त्यांच्या बाजूने हिशोब करा. २ एमबीपीएसने दिवसाचा २ जीबीचा पॅक सव्वादोन तासांत संपतो. आख्यान रंगात यायच्या आधीच बाहेर. तेच चित्र ४०० केबीपीएसचं केलं तर सहा तासांना १ जीबीच्या थोडं वर लागतं, म्हणजे दीड जीबीच्या पॅकमध्ये दहीकाल्यापर्यंत सगळं बसतं. पाच-सहा इंचांच्या पडद्यावर, देवळाच्या दिव्यांत, वेशभूषेचा भरजरीपणा तसाही फारसा उतरत नाही.

इथे एक खाच आहे, बहुतेक जण तिच्यात पडतात. चित्राच्या दोन प्रती केल्या की दोन वेगळे घोळके होतात. २ एमबीपीएसचा तुकडा असलेलं घर ४०० केबीपीएस मागणाऱ्या फोनला काही देऊ शकत नाही, ती फाईलच वेगळी. म्हणजे फोनवाल्यांच्या घोळक्यात सगळे घेणारेच, देणारा एकही नाही. २३० गुणिले ०.४ म्हणजे ९२ एमबीपीएस, तेही देवळाच्या ४० मधून. जमणार नाही. थरांचं एन्कोडिंग करून, म्हणजे हलक्या चित्रावर बारकाव्यांचे थर चढवून, पायाचा थर सगळ्यांना सारखा ठेवायचा मार्ग पुस्तकात सुंदर दिसतो, पण ब्राउझरमधल्या प्लेअरला तो पचत नाही. त्या वाटेला जाऊ नका.

माझा सल्ला रोखठोक आहे. फोनवाल्यांना पीअर-टू-पीअरमधून काढा. एका महिन्यासाठी छोटा सर्व्हर भाड्याने घ्या, त्यावर एनजिनएक्सचा कॅशे (एकदा आणलेली फाईल जवळ ठेवून पुढे वाटायची सोय) ठेवा. देवळातून तो प्रत्येक हलका तुकडा एकदाच उचलेल आणि २३० जणांना वाटेल. देवळाच्या लाइनवर भार अर्धा एमबीपीएस. त्या सर्व्हरवरून सहा तासांत आवाजासकट सुमारे २९० जीबी जातील. महिन्याला १ टीबी वाहतूक समाविष्ट असलेले स्वस्त सर्व्हर सहज मिळतात. एकट्या घेणाऱ्यांचा खर्च कमिटीने उचलायचा आणि देऊ शकणाऱ्यांनी आपापसात वाटून घ्यायचं. आता फायबरवाल्यांचा हिशोब: ७० गुणिले २ म्हणजे १४०. देवळातून त्यांच्यासाठी ३५ धरले तर उरतात १०५, घरटी दीड एमबीपीएस. रात्रीचे ४ जीबी. गुरुजींच्या ३१ वरून ४ वर आलो, आणि अजून न्यायाचा एकही नियम लावलेला नाही.

आवाजाचं वेगळं सांगतो, कारण दशावतारात संवाद लिहिलेले नसतात, नट उभ्या उभ्या रचतात, आणि पखवाज-पेटीवर सगळं चाललेलं असतं. चित्र क्षणभर गोठलं तर माणूस सहन करतो. राजाचं स्वगत मध्येच तुटलं तर शिव्या घालतो. ६४ केबीपीएसचा आवाज ७० घरांना थेट उगमातून द्यायला साडेचार एमबीपीएस पुरतात. वेगळा ऑडिओ ट्रॅक करा आणि तो शेजाऱ्यांच्या भरवशावर ठेवूच नका.

आता ७० घरांमधलं वाटप. गुरुजींवर ओझं का पडलं? प्रत्येक प्लेअर जो लवकर उत्तर देतो त्यालाच पुन्हा मागतो. हाकेला ओ देणाऱ्यालाच परत परत हाक. ज्याची लाइन चांगली आणि ज्याचा संगणक नवा, तो रात्रभर राबतो, आणि शेजारी, ज्याची लाइन तितकीच बरी असेल, रिकामा बसतो. यात शेजाऱ्याची काही लबाडी नाही. फायली आपसात वाटायच्या जुन्या नुटेला जाळ्यात सुमारे ७० टक्के लोक काहीच देत नव्हते असं अदार आणि ह्युबरमन या संशोधकांनी २००० साली मोजलं होतं, पण तिथे लोक मुद्दाम हात आखडून बसलेले होते. तुमच्या गावात कुणी प्लेअर उघडून त्यात फेरफार करणार नाही. म्हणून गुणांकन, डिजिटल सह्या, शिक्षा, कुणीतरी सुचवलेली ब्लॉकचेन, हे सगळं बाजूला ठेवा. ३०० माणसं, त्यातली निम्मी एकमेकांची भावकी.

करायचं ते ट्रॅकरपाशी, म्हणजे प्रेक्षकांची एकमेकांशी गाठ घालून देणाऱ्या सर्व्हरपाशी. कुणाला कोणते पीअर, म्हणजे देणारी घरं, सुचवायचे हे तो ठरवतो. प्रत्येक प्लेअरने मिनिटाला एकदा कळवायचं की मी देऊ शकतो किती आणि देतोय किती. नव्याने मागणाऱ्याला ट्रॅकरने सर्वांत वेगवान घरं सुचवायची नाहीत, क्षमतेच्या मानाने सर्वांत कमी भरलेली घरं सुचवायची. या गुणोत्तरावर नजर ठेवा, नुसत्या एमबीपीएसवर नको. समजा चार घरांनी ८, २, २ आणि १ एमबीपीएस दिले. संगणकशास्त्रज्ञ राज जैन यांचा समतेचा निर्देशांक आहे (१ म्हणजे पूर्ण समता), बेरजेचा वर्ग भागिले संख्या गुणिले वर्गांची बेरीज. १३ चा वर्ग १६९, भागिले ४ गुणिले ७३, येतात ०.५८. घोर अन्याय दिसतो. पण त्यांची अपलोड क्षमता ४०, १०, १० आणि ५ असेल तर प्रत्येकाने आपल्या ताकदीचा पाचवा हिस्सा दिलाय, आणि गुणोत्तरांवर तोच निर्देशांक बरोबर १ येतो. कमिटीच्या बैठकीत आकडे ठेवणार असाल तर हे दुसरे ठेवा, नाहीतर भलत्याच माणसाचं नाव निघेल.

वरची मर्यादाही हवी. कुणाच्याही अपलोडच्या निम्म्याहून जास्त घ्यायचं नाही, त्याने स्वतःहून मुभा दिली तरी. याचं कारण एका शिमग्यात गुहागरकडे प्रत्यक्ष पाहिलं. ज्या घरात बसून मी प्रक्षेपण बघत होतो तिथेच चित्र अडकत होतं, आणि डाउनलोड मात्र रिकामा. पिंग, म्हणजे उत्तर यायला लागणारा वेळ, लावून बघितला, १८ मिलिसेकंदांवरून ९०० वर. राउटरचा अपलोडचा साठा तुडुंब भरलेला, आणि ‘तुकडा मिळाला, पुढचा पाठव’ ही घरातून जाणारी चिमुकली पोचपावतीसुद्धा त्याच रांगेत उभी. दुसऱ्यांना देता देता त्या घराचं स्वतःचं घेणं थांबलेलं. टॉरेंटवाल्यांनी यावर लेडबॅट काढलं, जे रांगेतला उशीर वाढला की, त्याची हद्द १०० मिलिसेकंद, स्वतःच माघार घेतं. पण ब्राउझर ज्यातून एकमेकांना थेट तुकडे देतात ती वेबआरटीसीची वाहिनी तसं करत नाही, ती पाकिटं हरवेपर्यंत रेटत राहते. तुमच्या प्लेअरमध्ये अपलोडला लगाम घालायची सोय नसेल तर राउटरमध्ये त्या संगणकापुरती मर्यादा घाला. एफक्यू-कोडेल (रांग तुंबू न देणारी सोय) असलेला राउटर असेल तर उत्तमच.

मग देणाऱ्याला मलई कोणती? उशीर. जो स्थिरपणे देतो त्याला देवळातून थेट तुकडा घेणाऱ्या पहिल्या घरांत बसवा, त्याला खेळ ७-८ सेकंद मागे दिसेल. न देणाऱ्याला २०-२५ सेकंद. चित्र दोघांनाही सारखंच. ही बक्षिशी स्वतःच कामाची आहे, कारण चांगला देणारा उगमाजवळ असला की मागच्या सगळ्यांचं भागतं. मात्र ४० पैकी थोडा भाग, माझ्या अंदाजाने ८-१० एमबीपीएस, नवख्यांसाठी कायम राखून ठेवा. खेळ सुरू होताना पाच मिनिटांत निम्मी माणसं येतात, त्यांच्याकडे द्यायला एकही तुकडा नसतो, आणि त्याच वेळी सगळं कोसळतं. या राखीव भागामुळे घरटी भार दीडवरून १.६ च्या थोडा वर जाईल, तो मोजून घ्या.

शेजारी निवडताना एक स्थानिक गोष्ट. एकाच केबलवाल्याची घरं एकमेकांना जोडलेली बरी, माल त्याच्या जाळ्यातच फिरतो आणि पटकन पोचतो. पण माडाचं एक चुडत तारेवर पडलं, नाहीतर फीडर गेला, की ती सगळीच घरं एकदम गायब होतात. म्हणून प्रत्येकाला तीन शेजारी गावातले आणि किमान एक मुंबईकडचा द्या. हा एक चौथा नसल्यामुळे आम्ही एकदा अख्खी वाडी गमावली होती.

आणि गुरुजी. अनेक फायबर योजनांत महिन्याला ३,३०० जीबीची मर्यादा असते. ३१ म्हणजे त्यातला एक टक्काही नाही. त्यांची खरी तक्रार तुम्हीच पत्रात लिहिली आहे: ‘माका कोणी इचारूक नाय.’ ते बरोबर आहेत. पीअर-टू-पीअरमध्ये तुमचा आयपी पत्ताही (इंटरनेटवरचा लाइनचा पत्ता) इतर प्रेक्षकांना दिसू शकतो, हेसुद्धा आधी सांगायला हवं. पान उघडताच दोन मोठी बटणं द्या, ‘घरचं वायफाय, इतरांनाही देईन’ आणि ‘मोबाईल डेटा, फक्त बघेन’. लाइन कोणती हे ब्राउझरकडून ओळखायचा प्रयत्न करू नका, आयफोनचा सफारी ते सांगत नाही, आणि दुसऱ्या फोनच्या हॉटस्पॉटला तर सगळेच वायफाय समजतात. पहिलं बटण दाबणाऱ्याला कोपऱ्यात चालू आकडा दिसू दे, ‘तुम्ही आत्तापर्यंत २.३ जीबी दिले, ६ घरं तुमच्याकडून बघतायत’. सहा घरं हा आकडा दिसल्यावर लोक झोपायला जाताना लॅपटॉप बंद करत नाहीत, हा माझा दर वर्षीचा अनुभव. लॅपटॉप आपोआप झोपणार नाही अशी सेटिंग तेवढी त्यांना आठवणीने करायला सांगा, आणि प्लेअरची खिडकी समोर उघडी ठेवायला.

जत्रेच्या आधीच्या शनिवारी रात्री पंधरा घरं घेऊन तासभर तालीम करा. त्यातली पाच मुंबईकडची हवीत. मधल्या वेळी गुरुजींना त्यांचा राउटर मुद्दाम बंद करायला सांगा आणि कुणाचं चित्र किती सेकंद अडकलं ते वहीत लिहा. दहा सेकंदांच्या वर कुणाचं गेलं, तर त्याला मुंबईचा शेजारी मिळाला होता का ते आधी बघा.